कोल्हापूरचे टाऊन हॉल वस्तुसंग्रहालय नीट कसे पाहावे

कोल्हापूरला येणाऱ्या बहुतेकांचा बेत आधीच ठरलेला असतो. अंबाबाईचे दर्शन, रंकाळ्यावरची संध्याकाळ, न्यू पॅलेस, आणि वेळ उरलाच तर पन्हाळा किंवा जोतिबा. भाऊसिंगजी रस्त्यावर, सीपीआर रुग्णालयाच्या समोर झाडीत उभी असलेली काळ्या दगडाची उंच इमारत त्यांना जाता-येता दिसते, पण तिथे उतरण्याचे फारसे कोणाच्या मनात येत नाही. जे उतरतात त्यांच्यातलेही बरेचजण अर्ध्या तासात एक फेरी मारून बाहेर पडतात. हे संग्रहालय लहान आहे, हे खरेच. परंतु लहान संग्रहालय पाहण्याची रीत मोठ्या संग्रहालयापेक्षा वेगळी असते आणि ती पाळली तर याच वास्तूत अर्धा दिवस कारणी लागतो. ती रीत थोडक्यात अशी की, इथल्या वस्तूंपैकी सर्वांत महत्त्वाच्या वस्तू ज्या जमिनीतून आल्या ती जमीन चालत जाण्याच्या अंतरावर आहे, हे ध्यानात ठेवून वास्तू, वस्तू आणि गाव अशा तिन्ही गोष्टी एकत्र पाहायच्या.

निघण्यापूर्वी दोन गोष्टींची खात्री करून घ्यावी. पहिली म्हणजे नावाची. कोल्हापुरात नुसते ‘म्युझियम’ म्हटले की अनेक रिक्षावाले न्यू पॅलेसमधल्या छत्रपतींच्या संग्रहालयाकडे नेतात. ते संग्रहालय वेगळे. आपल्याला जायचे आहे ते राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाचे कोल्हापूर वस्तुसंग्रहालय, आणि त्यासाठी ‘टाऊन हॉल’ एवढे सांगितले की पुरते. दुसरी गोष्ट वाराची. सोमवार हा सुट्टीचा वार असतो, शिवाय सरकारी सुट्ट्याही असतात. म्हणून वेळ आदल्या दिवशी विचारून घ्यावी आणि शक्यतो सकाळी दार उघडल्याबरोबर जावे. दुपारनंतर शाळांच्या सहली आल्या की एखाद्या काचेच्या कपाटापुढे निवांत उभे राहणे कठीण होते. सोबत एक लहान वही आणि पेन्सिल घ्यावी. पेनापेक्षा पेन्सिल बरी, कारण शाईचा एखादा ठिपका चुकून जुन्या दगडावर किंवा चौकटीवर पडला तर तो निघत नाही.

आधी बाहेरून

तिकीट काढण्याची घाई करू नये. या संग्रहालयातली पहिली पाहण्याजोगी वस्तू म्हणजे ही इमारतच होय, आणि ती बाहेरून, थोडे मागे सरकून पाहावी लागते. दोन्ही बाजूंचे निमुळत्या शेंड्यांचे मनोरे, उतरते छप्पर आणि टोकदार कमानी ही गॉथिक शैलीची लक्षणे आहेत. मूळची ती युरोपातल्या मध्ययुगीन चर्चची शैली, आणि एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी ती सार्वजनिक इमारतींसाठी पुन्हा उचलून धरली. इथे मात्र ती घडीव काळ्या दगडात उतरली आहे. कमानीच्या टोकाशी दोन बाजूंचे दगड कसे भिडवले आहेत आणि सांधा किती बारीक ठेवला आहे, हे जवळ जाऊन पाहिले म्हणजे आराखडा परक्या शैलीचा असला तरी हात इथल्या पाथरवटांचा आहे, हे लक्षात येते.

इमारतीचे काम १८७२ ते १८७६ या काळात झाले आणि तिचा आराखडा मेजर चार्ल्स मँट या लष्करी अभियंत्याने केला. हा काळ कोल्हापूर संस्थानच्या इतिहासात मोठ्या अस्थिरतेचा होता. तरुण राजाराम महाराज इंग्लंडचा दौरा आटोपून परतत असताना नोव्हेंबर १८७० मध्ये इटलीतील फ्लॉरेन्स येथे वारले. त्यांच्यामागे चौथे शिवाजी महाराज दत्तक आले तेव्हा ते अल्पवयीन होते, आणि कारभारावर ब्रिटिश अधिकाऱ्यांची पकड घट्ट झाली होती. संस्थानात गॉथिक धाटणीचा टाऊन हॉल उभा राहतो, तो या परिस्थितीत. फ्लॉरेन्समध्ये आर्नो नदीकाठी राजाराम महाराजांची जी छत्री, म्हणजे स्मारकवास्तू, आजही उभी आहे तिचा आराखडादेखील मँटचाच आहे, म्हणजे इटलीत भारतीय धाटणीची छत्री आणि कोल्हापुरात युरोपीय धाटणीचे सभागृह, अशी दोन्ही कामे एकाच माणसाकडून साधारण एकाच सुमारास झाली. मला या इमारतीसमोर उभे राहताना ही गोष्ट नेहमी आठवते आणि ती प्रत्येक पाहुण्याला सांगावीशी वाटते.

याच मँटने कोल्हापुरात न्यू पॅलेस बांधला आणि बडोद्याच्या लक्ष्मी विलास राजवाड्याचा आराखडाही त्याचाच. न्यू पॅलेस त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी पाहणार असाल तर दोन्ही इमारतींच्या कमानी आणि शिखरे मनात शेजारी ठेवून पाहावीत. टाऊन हॉलमध्ये तो जवळजवळ पूर्णपणे युरोपीय वळणावर आहे. न्यू पॅलेसचे काम १८७७ साली सुरू झाले, आणि तिथे घुमट, छत्र्या, मंदिरांच्या धाटणीचे स्तंभ असे सगळे एतद्देशीय घटक त्याने घेतले आहेत. अवघ्या काही वर्षांत एका वास्तुरचनाकाराची दृष्टी कशी पालटली, हे पाहण्याची सोय एकाच शहरात फार कमी ठिकाणी मिळते.

आत गेल्यावरही लगेच कपाटांकडे न वळता मधल्या भागात उभे राहून एकदा वर छताकडे पाहून घ्यावे. ही वास्तू सभा-समारंभांसाठी बांधलेली आहे, वस्तू मांडण्यासाठी नव्हे. त्यामुळे दालनांची रचना सोयीपेक्षा उपलब्ध जागेप्रमाणे झालेली दिसते आणि खिडक्यांचा उजेड काचांवर पडतो. काचेत स्वतःचेच प्रतिबिंब दिसू लागले तर एक पाऊल बाजूला सरकून तिरके पाहावे, म्हणजे वस्तू स्पष्ट दिसते.

ब्रह्मपुरीच्या वस्तू: इथे वेळ द्यावा

संपूर्ण संग्रहालयासाठी दोन तास असतील तर त्यातला एक तास ब्रह्मपुरीच्या वस्तूंना द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. हे संग्रहालय मुळात या वस्तूंसाठीच जन्माला आले. पंचगंगेच्या काठावर ब्रह्मपुरी नावाची टेकडी आहे. तिथे १९४४ च्या सुमारास कांस्यवस्तूंचा मोठा साठा उजेडात आला. राजाराम कॉलेजातील प्राध्यापक आणि कन्नडचे विद्वान के. जी. कुंदणगार यांनी त्याकडे लक्ष दिले, आणि १९४५-४६ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वतीने ह. धी. सांकळिया आणि मो. गं. दीक्षित यांनी तिथे शास्त्रशुद्ध उत्खनन केले. सापडलेल्या वस्तू गावातच राहाव्यात म्हणून १९४६ मध्ये संग्रहालय सुरू झाले आणि १९४९ मध्ये, म्हणजे कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले त्याच वर्षी, ते टाऊन हॉलमध्ये आले.

या वस्तूंत जगभर गाजलेली मूर्ती आहे ती पोसायडनची. पोसायडन म्हणजे ग्रीकांचा समुद्रदेव. समुद्रापासून सह्याद्रीपलीकडे असलेल्या कोल्हापुरात हा समुद्रदेव सापडला, म्हणून पाहणारा मोठ्या मूर्तीची अपेक्षा करतो आणि इथेच फसतो. मूर्ती वीतभरसुद्धा उंच नाही. तिच्यापुढे किमान पाच मिनिटे उभे राहावे. आधी शरीराचा भार कोणत्या पायावर टाकला आहे आणि त्यामुळे कंबर व खांदे कसे कलले आहेत ते पाहावे. मग छाती-पोटावरचे स्नायू पाहावेत, कारण स्नायूंची अशी फोड हे भूमध्य सागराकाठच्या कारागिरीचे लक्षण आहे आणि आपल्याकडच्या समकालीन शिल्पांत शरीर त्याऐवजी भरीव, गोलसर वळणांनी घडवतात. शेवटी धातूचा रंग पाहावा. जमिनीत शतकानुशतके राहिलेल्या कांस्यावर हिरवट थर चढतो आणि तो थर घासून चकचकीत केलेला नाही, हे योग्यच आहे, कारण खालचा धातू बऱ्याचदा त्या थरामुळेच टिकून असतो.

मग नजर त्याच साठ्यातील हत्तीकडे न्यावी. पाठीवर स्वार बसलेला हा कांस्याचा हत्ती पूर्णपणे भारतीय हाताचा आहे. स्वारांचे बसणे, त्यांचे अलंकार, हत्तीच्या अंगाची वळणे आणि पोसायडनचे अंग अशी एकामागून एक तुलना केली म्हणजे दोन वेगळ्या परंपरा एका साठ्यात शेजारी नांदत होत्या, हे कोणत्याही फलकाशिवाय समजते. साठ्यात परदेशी बनावटीची भांडी आणि आरसेही होते. बुधलीची मूठ तोंडाशी आणि पोटाशी कशी जोडली आहे, तिच्या सांध्यापाशी काही नक्षी किंवा मुखवटा आहे का, हे बारकाईने पाहावे; भांड्याचे मूळ गाव ओळखण्यासाठी अभ्यासक ज्या खुणा पाहतात त्यांत मुठी येतात.

या वस्तू इथे आल्या कशा, हा प्रश्न मुले हमखास विचारतात आणि त्याचे उत्तर देता आले पाहिजे. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत तांबड्या समुद्रावरील इजिप्तच्या बंदरांतून जहाजे नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांवर आपल्या पश्चिम किनाऱ्याला लागत आणि ईशान्य वारे सुरू झाले की परत फिरत. किनाऱ्यावर उतरलेला माल बैलांच्या पाठीवरून घाट चढून देशावर येई. कोल्हापूरच्या पश्चिमेला फोंडा, अणुस्कुरा, आंबा असे घाट आहेत, आणि त्या काळी दख्खनवर सातवाहनांची सत्ता होती. मात्र उत्साहाच्या भरात ‘इथे ग्रीक राहत होते’ असे मुलांना सांगू नये. परदेशी वस्तू सापडल्याने एवढेच ठरते की ती वस्तू इथवर आली. आणणारा व्यापारी होता, की ती कोणा धनिकाने हौसेने जपली होती, की एखाद्या तांबटाकडे ती धातू म्हणून आली होती, हे नुसत्या मूर्तीवरून सांगता येत नाही. पुराव्यातून काय निघते आणि काय निघत नाही, हा फरक मुलांना शिकवायला संग्रहालयाइतकी चांगली जागा नाही.

नाण्यांच्या कपाटापुढून लोक सर्वांत लवकर पुढे सरकतात, कारण ती काळपट असतात आणि अक्षरे दिसत नाहीत. कोल्हापूरच्या जुन्या नाण्यांत शिशाची जाड नाणी प्रसिद्ध आहेत. ब्रह्मपुरी परिसरात तशी एकोणिसाव्या शतकातच सापडली होती. त्यांच्या एका बाजूला बाण लावलेले धनुष्य आणि दुसऱ्या बाजूला एकावर एक कमानी रचून दाखवलेली टेकडी असते, आणि कडेने ब्राह्मी लिपीत प्राकृत भाषेतील राजाचे नाव असते. वासिठीपुत विळिवायकुर, माढरीपुत सिवलकुर, गोतमीपुत विळिवायकुर अशी ही नावे आहेत, आणि तिन्ही राजे आपली ओळख आईच्या नावाने सांगतात. असे नाणे दिसले तर आधी धनुष्य शोधावे, म्हणजे नाणे सुलटे कोणते ते कळते, आणि मग कडेची अक्षरे फोनच्या कॅमेऱ्यातून मोठी करून पाहावीत. फोटो काढण्याविषयी तिथला नियम मात्र आधी कर्मचाऱ्यांना विचारावा, आणि परवानगी असली तरी फ्लॅश वापरू नये.

फलक वाचताना वस्तूच्या नावापेक्षा सापडण्याच्या ठिकाणाकडे अधिक लक्ष द्यावे. ‘ब्रह्मपुरी’ असे लिहिले असेल तर तिथे थांबावे. दुसऱ्या गावाचे नाव असेल तर ते वहीत टिपून घ्यावे, पुढे त्या गावावरून जाताना उपयोगी पडते. शतकांचा हिशेब मुलांना आधीच समजावून ठेवावा, की दुसरे शतक याचा अर्थ इसवी सन १०१ ते २००; म्हणजे तिथे घोळ होत नाही.

दगडी शिल्पे आणि शस्त्रे

सातवाहनांनंतर या भागावर राज्य करणाऱ्यांत कोल्हापूरच्या शिलाहारांचे नाव मोठे आहे, आणि दहाव्या ते तेराव्या शतकाच्या दरम्यानची त्यांची राजवट समजून घेण्यासाठी दगडी शिल्पे पाहावीत. वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीराच्या स्मरणार्थ उभारलेला कोरीव दगड, दिसला तर तो नेहमी खालून वर वाचावा. सर्वांत खालच्या चौकटीत वीर मरून पडलेला किंवा लढताना दिसतो, मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेत असतात, त्यावर तो शिवलिंगाची पूजा करताना दाखवलेला असतो, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य कोरलेले असतात, कारण ते आहेत तोवर त्याची कीर्ती राहील असा त्याचा आशय. लढाईच्या चौकटीत गाई दिसल्या तर तो वीर गोधन वाचवताना पडला असे समजावे. सतीशिळेवर कोपरात वाकवलेला, बांगड्या भरलेला हात असतो. एवढी ओळख झाली की आपल्या गावच्या वेशीवर शेंदूर फासून ठेवलेला दगडही वाचता येऊ लागतो. शस्त्रांचे दालन मुलांना आवडते आणि तिथे त्यांना सोडून द्यावे. मोठ्यांनी फार वेळ तिथे घालवण्याची गरज नाही.

चित्रे

चित्रांपुढे मात्र पुन्हा सावकाश व्हावे. कोल्हापूरला कलापूर म्हणतात ते उगीच नव्हे, आणि या नगरीच्या चित्रकारांची परंपरा जिथे एकत्र समजते अशा जागांपैकी ही एक आहे. त्यांत आबालाल रहिमान यांची चित्रे आधी शोधावीत. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेला हा चित्रकार नाव कमावण्यासाठी मुंबईत न राहता कोल्हापूरला परतला, शाहू महाराजांचा आश्रय त्याला लाभला, आणि १९३१ मध्ये निधन होईपर्यंत रंकाळा, पंचगंगा, कोटितीर्थ हाच परिसर तो पुन्हा पुन्हा रंगवत राहिला. शाहू महाराज १९२२ मध्ये गेल्यावर दुःखाच्या भरात त्याने आपली असंख्य चित्रे कोटितीर्थाच्या पाण्यात सोडून दिली, असे कोल्हापुरात सांगतात. त्याच्या निसर्गचित्रापुढे आधी हातभर अंतरावरून रंगांचे लहान लहान ठिपके आणि फटकारे पाहावेत, मग पाच-सहा पावले मागे जावे. मागे गेल्यावर त्या ठिपक्यांचे पाणी आणि उजेड होतो. संध्याकाळी रंकाळ्यावर जाणार असाल तर चित्रातला प्रहर लक्षात ठेवून त्याच प्रहरी तिथे उभे राहावे.

बाबूराव पेंटर यांना बहुतेकजण ‘सैरंध्री’सारख्या मूकपटांमुळे ओळखतात, पण ते मूळचे चित्रकार आणि शिल्पकार होते, आणि पडद्यावरची त्यांची प्रकाशयोजना त्याच हाताने आलेली होती. दत्तोबा दळवी, रवींद्र मेस्त्री अशी नावे फलकांवर दिसली तर तीही टिपून घ्यावीत. या मंडळींनी पुढच्या पिढ्या घडवल्या. जलरंगातली चित्रे उजेडाने फिकी पडतात आणि गेलेला रंग पुन्हा आणता येत नाही, म्हणून एखाद्या दालनात उजेड बेताचा असला तर तक्रार करू नये. धातूच्या वस्तूंना हात न लावण्याचे कारणही असेच साधे आहे: घामातील क्षार कांस्यावर राहतात आणि हळूहळू ते पोखरतात.

बाहेर पडण्यापूर्वी तिथल्या कर्मचाऱ्यांशी बोलावे. ‘अजून काय पाहू?’ असे मोघम विचारण्याऐवजी एखाद्या ठरावीक वस्तूविषयी विचारले तर ते मन लावून सांगतात, कारण रोज त्या वस्तूंच्या सोबतीत असूनही त्यांना असा प्रश्न क्वचितच विचारला जातो. अभिप्रायाच्या वहीत ‘छान’ एवढेच न लिहिता कोणता फलक पुसट झाला आहे, कोणत्या वस्तूची अधिक माहिती हवी होती, हे लिहावे. लहान संग्रहालयांना त्याचा खरा उपयोग होतो.

नंतर ब्रह्मपुरीला

संग्रहालय पाहून झाल्यावर पंचगंगा घाटाच्या दिशेने चालू लागावे. नदीवरच्या जुन्या शिवाजी पुलाजवळ ब्रह्मपुरीची टेकडी आहे. तिथे आज दाट वस्ती आहे, उत्खननाचे खड्डे किंवा भिंती पाहायला मिळणार नाहीत, आणि लोकांच्या घरांपुढे उभे राहून फोटो काढणेही बरे नव्हे. तरीही जायचे, ते जागेचा उंचसखलपणा पाहण्यासाठी. नदीच्या इतक्या जवळ राहूनही पुरापासून थोडे उंचावर असलेली ही जागा दोन हजार वर्षांपूर्वी वस्तीसाठी का निवडली गेली, हे घाटावरून टेकडीकडे पाहताना कळते, विशेषतः पंचगंगेचा पूर ज्यांनी पाहिला आहे त्यांना. इथे वस्तीवर वस्ती चढत गेली, म्हणून जमिनीखाली सातवाहन काळ आणि त्याच्या वर पुढच्या काळांचे थर मिळाले.

आपल्या गावात घराचा पाया खणताना, विहिरीचा गाळ काढताना किंवा शेतात नांगरताना जुनी नाणी, मूर्ती वा भांडी सापडली तर काय करावे, हेही इथेच मुलांना सांगून टाकावे. वस्तू धुऊ किंवा घासू नये, तुकडे वाटून घेऊ नयेत, सापडली ती जागा आणि खोली लिहून ठेवावी व जमल्यास तिचा फोटो घ्यावा. १८७८ च्या निखात निधी (जमिनीत पुरलेला ठेवा) कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीचा असा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे बंधनकारक आहे, आणि १९७२ च्या कायद्याने परवान्याशिवाय पुरावस्तूंचा व्यापार करण्यास मनाई आहे. तलाठी किंवा जवळच्या सरकारी संग्रहालयाकडे गेले तरी अर्ज कसा द्यायचा ते समजते.